प्रस्तावना : नैराश्य आणि मेंदूतील जाळी

नैराश्याचा रुग्ण डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा तो मनाचे सहसा बोलत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात कान देऊन बसले की ऐकू येते ते असे : "डोकं जड राहते," "हातापायात जीव नाही," "भूकच मेली," "झोप येऊन नाही राहिली." आणि मग उठता उठता, दाराकडे वळताना, "कशातच मन लागून नाही राहिलं." तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, एखादे इंजेक्शन टोचले जाते, कधी सलाईन लागते आणि माणूस आला तसा परत जातो. घरी त्याच्या या अवस्थेला काही ना काही नाव मिळतेच. 'कामचोर झाला', 'फुकटचं टेन्शन घेते', 'बाहेरचं लागलं'. महिने जातात, कधी वर्षे जातात.

हे पुस्तक त्या माणसासाठी, त्याच्या घरच्यांसाठी आणि त्याला येता-जाता भेटणाऱ्या आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, तरुण डॉक्टर यांच्यासाठी आहे. मेजर डिप्रेशन, म्हणजे नैराश्याचा आजार जडलेल्या माणसाच्या मेंदूत निरनिराळ्या भागांची आपसातली जोडणी कशी बदलते, हा त्याचा विषय. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या घराला सेंट लुईस, न्यूयॉर्क आणि बीजिंगच्या प्रयोगशाळांतल्या या संशोधनाचा काय उपयोग, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. तो रास्त आहे आणि ही प्रस्तावना त्याचे उत्तर देण्यासाठीच लिहिली आहे.

थोडक्यात उत्तर असे. रुग्ण जे सांगतो ते खरे मानायला या संशोधनाने भक्कम आधार दिला. मेंदूच्या भागांमधली देवाणघेवाण बदलू शकते आणि काळानुसार, उपचारानुसार पुन्हा बदलू शकते, हेही त्याने दाखवले. मात्र नैराश्य आहे की नाही हे एका माणसापुरते ठरवून देणारे यंत्र या संशोधनातून अजून निघालेले नाही. म्हणून निदान आजही शांतपणे विचारलेल्या प्रश्नांनीच होते, आणि ते प्रश्न विचारायला मोठे शहर लागत नाही.

आधी आजाराची ओळख करून घेऊ. हाताशी आलेले धान तुडतुड्याने गेले, खरेदी केंद्रावर माल पडून राहिला, घरातले माणूस दगावले, तर दुःख होणारच. असे दुःख कमी-जास्त होत राहते, चार माणसांत बसले की हलके होते, नातवाच्या खोडीवर हसूही येते. नैराश्याच्या आजारात तसे होत नाही. निदानासाठी डॉक्टर नऊ लक्षणे पाहतात : सतत उदास वाटणे, आवडीच्या गोष्टींतली गोडी संपणे, भूक किंवा वजन बदलणे, झोप बिघडणे, हालचाल मंदावणे किंवा विनाकारण तगमग होणे, थकवा, स्वतःला दोष देणे, लक्ष न लागणे आणि मरणाचे विचार. यांपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ असली, त्यात पहिल्या दोनांपैकी एक असले, आणि त्यांमुळे रोजचे जगणे अडले, तर त्याला मेजर डिप्रेशन म्हणतात. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, बी-12 ची कमतरता यांतही थकवा आणि उदासी येते. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यामुळे इथे शरीराची तपासणी टाळून चालत नाही.

हा आजार किती पसरला आहे? निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात दर 20 प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठले होते, आणि पाहणीच्या वेळी आजारी असलेल्यांचे प्रमाण 2.7 टक्क्यांच्या आसपास होते. मेजर डिप्रेशनच्या दर 100 रुग्णांपैकी सुमारे 85 जणांपर्यंत कोणताही उपचार पोहोचला नव्हता. हे सर्वेक्षण 12 राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण गोंदियाच्या सीमेला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये होती. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 13 लाख 22 हजार भरली. सर्वेक्षणाचा दर इथल्या प्रौढांना लावला, तर कोणत्याही एका वेळी वीस-पंचवीस हजार माणसे या आजारात असावीत. हा ढोबळ हिशेब आहे, पण प्रश्नाचा आकार लक्षात यायला पुरेसा आहे.

विदर्भातल्या मानसिक आरोग्याची चर्चा बहुधा कापसाच्या पट्ट्यापाशी थांबते. शेतकऱ्यांना समुपदेशन मिळावे म्हणून राज्य शासनाने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला तो मराठवाड्यातल्या आणि पश्चिम विदर्भाच्या बाजूच्या 14 जिल्ह्यांत. धानाचा पट्टा त्यात नव्हता. गोंदियाची ओळख तलावांचा, भातगिरण्यांचा, सारस पक्ष्यांचा जिल्हा अशी आहे. ती खरी आहे आणि तिचा अभिमानही रास्त आहे. पण तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या घरात, कामासाठी परमुलखात गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईबापांत, बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने गप्प झालेल्या सुनेत हा आजार आहेच. आकडा नोंदला गेला नाही म्हणून दुखणे नाहीसे होत नाही.

आता मेंदूकडे वळू. सुमारे 1.4 किलो वजनाच्या या अवयवात साधारण 8,600 कोटी चेतापेशी असतात. शरीराच्या वजनाचा 2 टक्के भाग असलेला मेंदू शरीराची 20 टक्के ऊर्जा वापरतो. फार काळ संशोधक 'उदासी मेंदूच्या कोणत्या भागात आहे?' असे विचारत होते. त्यातून एक रसायन, एक ठिकाण, एक बिघाड अशी उत्तरे येत राहिली. 'सेरोटोनिन कमी पडले' हे त्यांतले सर्वांत लोकप्रिय उत्तर, आणि तेही आज इतक्या सरळ रूपात टिकत नाही. 1990 नंतर प्रश्न बदलला. संशोधक विचारू लागले, की कोणते भाग एकमेकांबरोबर काम करतात आणि आजारात ही संगत कशी बदलते?

या बदलामागे एक योगायोग आहे. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवले, की रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउतारावरून एमआरआय यंत्राला मेंदूचे काम टिपता येते. त्यानंतर संशोधक रुग्णाला यंत्रात झोपवून बोटे हलवायला, चित्रे पाहायला, आकडेमोड करायला सांगू लागले. कामांच्या मधला स्वस्थ पडून राहण्याचा वेळ निरुपयोगी धरला जाई. भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल तेव्हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शिकत होते. त्यांनी नेमका तोच वेळ तपासला. हाताची हालचाल सांभाळणारे डाव्या आणि उजव्या मेंदूतले भाग, हात अजिबात हलत नसतानाही, एकाच लयीत वर-खाली होत होते. हा शोध 1995 मध्ये छापून आला. पुढे 2001 मध्ये सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. काही भाग माणूस कामाला लागला की शांत होतात आणि स्वस्थ बसला की जोमाने चालतात. त्यांना 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' हे नाव पडले.

जोडणी म्हणजे नक्की काय, हे इथे एकदा पक्के समजून घ्यायला हवे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. गोंदिया जंक्शनवरून एक मार्ग नागपूरकडे जातो, दुसरा रायपूर-हावड्याकडे, तिसरा बालाघाट-जबलपूरकडे, चौथा वडसा-बल्लारशाकडे. रूळ तेच असले तरी कोणत्या मार्गावर किती गाड्या धावतात हे बदलू शकते. मेंदूतही भागांना जोडणारे तंतू असतात, ती रचनेची जोडणी. दोन भागांतले काम एकाच वेळी वाढते आणि एकाच वेळी ओसरते का, यावरून ठरते ती कामातली जोडणी. नैराश्याविषयी या पुस्तकात जे सांगितले आहे ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. तो एक हिशेबाने काढलेला संबंध आहे. 'जोडणी वाढली' याचा अर्थ नवे तंतू फुटले असा नाही, आणि 'घटली' म्हणजे काही तुटले असेही नाही.

ही तपासणी कशी होते तेही पाहून ठेवू. माणूस पाठीवर झोपतो. डोक्याभोवती कॉइल बसवतात, कानात बोळे घालतात, कारण यंत्राची खटखट मोठी असते. सूचना साधी असते : डोळे उघडे ठेवा, समोरच्या अधिकच्या चिन्हाकडे पाहा, झोपू नका, मुद्दाम कशाचा विचार करू नका. पुढची आठ-दहा मिनिटे यंत्र दर एक-दोन सेकंदांनी पूर्ण मेंदूचे चित्र घेत राहते. नंतर संगणक शेकडो ठिकाणांचे चढउतार एकमेकांशी ताडून पाहतो. हे चढउतार संथ असतात, एक लाट उठून ओसरायला दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. मान जेमतेम मिलिमीटरभर हलली किंवा श्वास बदलला, तरी खोटी जोडणी दिसू शकते. या शाखेतल्या अनेक वादांचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

नैराश्याच्या संदर्भात तीन जाळ्यांची नावे सतत येतात. पहिले डिफॉल्ट मोड नेटवर्क. कपाळामागचा मधला भाग, मेंदूच्या मागच्या बाजूचा मधला भाग आणि दोन्ही बाजूंचे काही भाग मिळून ते होते. स्वतःविषयीचा विचार, जुन्या आठवणी, उद्याची चिंता अशा वेळी ते जागे असते. या पुस्तकात त्याला 'स्वतःत रमणारे जाळे' म्हटले आहे. दुसरे कपाळामागच्या वरच्या बाजूचे आणि माथ्याकडच्या भागांचे, ठरवून केलेल्या कामाचे जाळे. लक्ष टिकवणे, बेत आखणे, एक विचार सोडून दुसऱ्याकडे वळणे ही त्याची कामे. तिसरे 'सेलियन्स नेटवर्क', दखल घेणारे जाळे. शरीराच्या आतून आणि बाहेरून येणाऱ्या असंख्य इशाऱ्यांतला आत्ता महत्त्वाचा कोणता, हे ते निवडते आणि त्याप्रमाणे पहिल्या दोन जाळ्यांमध्ये पालट घडवते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विनोद मेनन यांनी 2011 मध्ये या तिन्ही जाळ्यांना एकत्र बांधणारी मांडणी केली. अनेक मानसिक आजारांत या तिघांचा मेळ बिघडतो, असे त्यांचे म्हणणे.

हे घरातल्या अनुभवाशी कसे जुळते? रोवणीचे दिवस धरा. पावसाने बांध्या भरल्या आहेत, चिखलणी झाली आहे, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधावर येऊन पडल्या आहेत. दरवर्षी जिचा हात सर्वांत चपळ, ती बाई यंदा पेंढी हातात घेऊन उभीच राहते. बाजूच्या ओळी पुढे सरकतात. तिच्या डोक्यात मात्र एकच फिरत असते, 'माझ्यामुळे घराचं वाटोळं झालं.' कोणी हाक मारली तर ती दचकते, दोन रोपे लावते आणि पुन्हा थांबते. तिला काम येत नाही असे नाही, करायचे नाही असेही नाही. स्वतःविषयीचा विचार थांबत नाही आणि कामाकडे वळणे होत नाही. तेच तेच उगाळत राहण्याची ही सवय आणि स्वतःत रमणाऱ्या जाळ्यातली वाढलेली जोडणी यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. शेजारीण तिला आळशी म्हणते, पण प्रत्यक्षात एका विचारातून सुटून दुसऱ्याकडे वळण्याची ताकदच आजाराने कमी केलेली असते.

या चित्राला आधार किती? 2007 मध्ये मायकेल ग्रिशियस आणि सहकाऱ्यांना नैराश्याच्या रुग्णांत सबजेन्युअल सिंग्युलेट हा भावनांशी निगडित भाग स्वतःत रमणाऱ्या जाळ्याशी जास्त जोडलेला दिसला. त्याच्या दोन वर्षे आधी हेलन मेबर्ग यांनी टोरोंटोत, कोणत्याही उपचाराला दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या मेंदूत याच भागालगत इलेक्ट्रोड बसवून सौम्य वीजप्रवाह दिला होता. त्यांपैकी चौघांत सुधारणा टिकली. 2015 मध्ये रोझेलिंड कायझर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांतले 556 रुग्ण आणि 518 निरोगी माणसे यांची आकडेवारी एकत्र केली. कामाच्या जाळ्यात आतली जोडणी कमी, स्वतःत रमणाऱ्या जाळ्यात जास्त, असा निष्कर्ष निघाला. रोवणीतल्या त्या बाईच्या वर्णनाशी तो बरोबर जुळतो.

गोष्ट इथे संपली असती तर हे पुस्तक निम्म्याने लहान झाले असते. 2019 मध्ये चीनमधल्या 25 संशोधन गटांनी 1,300 रुग्ण आणि 1,128 निरोगी माणसांची चित्रणे एकत्र तपासली. आजार वारंवार उलटलेल्या रुग्णांत स्वतःत रमणाऱ्या जाळ्याची जोडणी जास्त असण्याऐवजी कमी निघाली, आणि ही घट चालू औषधांशी निगडित होती. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, औषध न घेतलेल्या रुग्णांत असा फरक दिसला नाही. 2017 मध्ये नैराश्याचे जोडणीवरून चार पोटप्रकार पाडल्याचा गाजलेला दावा आला. दोन वर्षांत दुसऱ्या गटाने तीच पद्धत वापरून पाहिली, तेव्हा ते प्रकार पक्के उभे राहिले नाहीत. 2022 मध्ये 'नेचर'मधल्या एका मोठ्या अभ्यासाने सांगितले, की मेंदूचे चित्रण आणि माणसाचे वागणे यांचा भरवशाचा संबंध शोधायला हजारो माणसे लागतात. त्याआधीचे बहुतेक अभ्यास काही डझनांवर झाले होते.

यातून संशोधन फोल ठरते असे मात्र समजू नये. नैराश्य हे एकच लेबल लावलेले अनेक आजार असू शकतात, औषध सुरू झाले की चित्र बदलते, आणि माणसामाणसांत फरक मोठा असतो, हे या मतभेदांतूनच कळले. म्हणून आता उलट दिशेने काम सुरू आहे. थोड्याच माणसांचे चित्रण पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने करायचे. 2024 मध्ये चार्ल्स लिंच, कॉनर लिस्टन आणि सहकाऱ्यांनी असे काम प्रसिद्ध केले. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांत दखल घेणाऱ्या जाळ्याने मेंदूच्या पृष्ठभागावर जवळपास दुप्पट जागा व्यापलेली होती. मन बरे असो की वाईट, हा विस्तार तसाच राहत होता. ज्या मुलांना पुढे नैराश्य आले, त्यांच्यात तो आजाराच्या आधीपासून होता. मात्र याच जाळ्याची मेंदूतल्या खोलवरच्या भागांशी असलेली जोडणी रुग्णाची गोडी उडणे आणि परत येणे यांच्याबरोबर बदलत होती. म्हणजे काही माणसांत आजाराकडे झुकणारी ठेवण आधीची असावी आणि तिच्यावर लक्षणांची भरती-ओहोटी चालत असावी. हे चित्र आशादायक आहे, पण त्याचीही फेरतपासणी इतरांनी करायची आहे.

एक उणीव मला फार टोचते. या अभ्यासांतली माणसे बहुतेक अमेरिका, युरोप आणि चीनमधल्या मोठ्या शहरांची आहेत. धानाच्या बांधीत उभी राहणारी बाई, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणारे गोंड कुटुंब, भातगिरणीत पोती वाहणारा हमाल यांच्या मेंदूचे चित्रण त्यांत नाही. कुपोषण, रक्तक्षय, सिकलसेल, शिक्षणातली तफावत यांचा जोडणीवर काय परिणाम होतो, हे आपल्याकडच्या माणसांवरच तपासावे लागेल. गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने हा प्रश्न पुढे न्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता उपचाराकडे. महागड्या चित्रणाविना इथल्या रुग्णाला काय मिळू शकते? भरपूर मिळू शकते. नैराश्यावरची नेहमीची औषधे, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटीन किंवा एस्सिटालोप्राम, बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांत गुण दाखवू लागतात. बरे वाटल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवावी लागतात आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करायची नसतात. 2013 मधल्या एका अभ्यासात दीर्घकाळच्या सौम्य नैराश्याच्या रुग्णांना दहा आठवडे ड्युलोक्सेटीन दिल्यावर स्वतःत रमणाऱ्या जाळ्याची वाढलेली जोडणी निरोगी माणसांच्या पातळीकडे आली. कपाळाच्या डाव्या बाजूवर चुंबकीय स्पंद देणारी टीएमएस ही पद्धत कामाच्या जाळ्याला लक्ष्य करते. अमेरिकेत तिला 2008 मध्ये मान्यता मिळाली, पण ती अजून मोठ्या शहरांपुरती आहे.

बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा अनुभव तर आपल्या शेजारचाच आहे. गोव्यात 'संगथ' संस्थेच्या कामातून विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. पद्धत साधी आहे. माणसाने सोडून दिलेल्या लहान लहान गोष्टी त्याच्याबरोबर बसून लिहायच्या, त्यांतली एक उद्यासाठी ठरवायची आणि पुढच्या भेटीत विचारायचे, झाली का? सकाळी उठून अंगण झाडणे, बोडीपर्यंत चालत जाणे, बहिणीला फोन करणे, एवढीच कामे. मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हणत थांबायचे नाही. काम आधी, मन मागून येते. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. या भेटींनी जाळ्यांत नेमके काय बदलते याचा पुरावा अजून थोडा आहे. रुग्ण बरे होतात याचा पुरावा मात्र पक्का आहे.

विदर्भातले उदाहरण याहून जवळचे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत राबवलेल्या 'विश्राम' कार्यक्रमात राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत नैराश्याविषयी बोलणे, रुग्ण ओळखणे आणि मदत पोहोचवणे सुरू केले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या 100 पैकी जेमतेम 4 जण कुठली मदत घेत होते. 18 महिन्यांनी हे प्रमाण 27 टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. कापसाच्या पट्ट्यात हे घडू शकले, तर धानाच्या पट्ट्यात न घडण्याचे कारण मला दिसत नाही.

साधने आहेतच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 चे, पण ते गोंदियापासून सुमारे 130 किलोमीटरवर आहे आणि त्याच्या नावाची भीती त्याहून लांब पसरलेली आहे. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना तिथवर जायची गरजच पडत नाही. 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेली-मानस ही मोफत सेवा सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे, असे ठरवले. मराठी मनही हळूहळू मोकळे होते आहे. नैराश्यातल्या तरुणाची कथा सांगणाऱ्या 'कासव' या मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे त्याचेच एक लक्षण.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात आजाराची लक्षणे आणि घरच्यांनी काय करावे हे आहे. ज्यांच्या घरात आज रुग्ण आहे त्यांनी तेवढेच आधी वाचावे. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायला घाबरू नये. विचारल्याने ते विचार सुचत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुसऱ्या भागात मेंदूतल्या जाळ्यांचे संशोधन, त्यातल्या मतभेदांसह, सविस्तर दिले आहे. तो भाग शिक्षक, परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थी यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे, पण शास्त्राची आवड असलेल्या कुणालाही तो जड जाऊ नये. तिसऱ्या भागात उपचार आणि गावपातळीवर करता येण्याजोगे काम आहे. चित्रणाच्या भरवशावर 'तुमच्या मेंदूचे कनेक्शन तपासून देतो' असे सांगून कुणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. तसे निदान करणारी मान्य चाचणी आज जगात कुठेही नाही.

या पुस्तकाची मागणी एवढीच, की जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात, थकवा, डोकेदुखी किंवा झोपेची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक प्रौढाला दोन प्रश्न विचारले जावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश राहते का? आधी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी वाटेनाशी झाली का? दोन्हींना एक मिनिट पुरते. यांपैकी एकाचेही उत्तर 'हो, बहुतेक रोज' असे आले, तर पुढचे सात प्रश्न विचारावेत, शरीर तपासावे, उपचार सुरू करावा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवावे. आला नाही तर आशाताईने घरी जाऊन चौकशी करावी. जाळ्यांचे शास्त्र पुढे जात राहील, आज लिहिलेले काही उद्या दुरुस्त होईल, आणि पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त केले जाईल. पण हे दोन प्रश्न विचारायला उद्याच्या शास्त्राची वाट पाहण्याचे कारण नाही. रुग्ण उठून दाराकडे वळण्याच्या आत ते विचारले जाऊ लागले, तर हे पुस्तक लिहिल्याचे सार्थक होईल.